ऑनलाइन फॅन्टसी रोलप्लेमधला द्वेष आणि रक्तपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येतात: नुकतेच खेळायला लागलेले, पहिल्यांदाच स्वतः गेम चालवणारे, आणि मुलाच्या खोलीतून रात्री साडेअकराला "मी त्याचं डोकं उडवतो!" असं ओरडणं ऐकून घाबरलेले आईवडील. उत्तरं गेम चालवणाऱ्याच्या बाजूने लिहिली आहेत.

रोलप्ले म्हणजे नेमकं काय चालतं?

एक जण गेम मास्टर असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला डीएम म्हणतात. जग, गावकरी, राक्षस, हवामान, सगळं तो सांभाळतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात आणि "माझं कॅरेक्टर आता काय करतं" ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. डी अँड डी 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलं. संगणकावरचा याचा भाऊबंद जवळपास तेवढाच जुना आहे: 1978 साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ केला. आज कुणी डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर बोलून खेळतं, कुणी रोल20 या वेबसाइटवर नकाशे मांडून, तर कुणी फक्त लिहून, दिवसाला दोन-चार ओळी टाकत, महिनोन् महिने.

राक्षस मारणं हाच खेळ आहे, मग हिंसेबद्दल कुरकुर कसली?

मारामारीबद्दल कुणाची कुरकुर नसते. एक प्रसंग बघा. पार्टीने (खेळाडूंच्या टोळीने) एक गॉब्लिन (छोटा राक्षस) जिवंत पकडलाय. गावातून पळवलेली मुलं कुठे आहेत ते त्याच्याकडून काढायचंय. एकाने धमकावण्याचा फासा टाकला, वीसपैकी 17 आले. डीएम म्हणाला, घाबरलाय, सांगतो सगळं. काम झालं. पण रोग (म्हणजे लबाड चोराचं कॅरेक्टर) खेळणारा थांबत नाही. तो लिहितो, मी त्याचं एक बोट कापतो. मग दुसरं. तिसऱ्याचं वर्णन चार ओळींचं. डीएम गप्प, कारण त्याला वाटतं बाकीच्यांना चालतंय. क्लेरिक (पुजारी) खेळणारी गप्प, कारण तिला वाटतं डीएमला चालतंय. पुढच्या शनिवारी ती "परीक्षा आहे" सांगून येत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी काही सांगतही नाही.

यात कुणी नियम मोडला नाही. नियम ठरवलेलेच नव्हते. रक्तपात किती, किती जवळून, कुणावर, हे आधी विचारलं असतं तर याच पाच जणांचा गेम वर्षभर चालला असता. भयकथेची कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) खेळणारे काही ग्रुप याहून कितीतरी भयंकर गोष्टी आनंदाने खेळतात, कारण सगळे ठरवून बसलेले असतात.

ऑनलाइन हे जास्त का होतं?

समोरचा चेहरा दिसत नाही म्हणून. घरात टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाने खुर्ची मागे सरकवली तरी वर्णन करणाऱ्याची जीभ अडखळते. लेखी खेळात तर वर्णन करणाऱ्याला मध्ये कुणी तोडतही नाही. तो परिच्छेद पूर्ण करूनच पाठवतो. त्यात टोपणनावं. आणि एक कारण जरा अवघड आहे: बरेच जण चांगलं लिहिण्याच्या नादात वाहवत जातात. त्यांना छळ आवडत नसतो, स्वतःचं वाक्य आवडत असतं.

"माझं कॅरेक्टरच तसं आहे, मी नाही" असं कुणी म्हणालं तर?

कॅरेक्टर कुणी बनवलं, एवढं विचारा.

कॅरेक्टरच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी खऱ्या माणसावर झाडायची, ही या खेळातली सगळ्यात जुनी पळवाट आहे. ओळखायला एक खूण पुरते. दुष्ट कॅरेक्टर खेळणारा चांगला खेळाडू त्या दुष्टपणाची किंमत गोष्टीत मोजायला तयार असतो: गावकरी दार उघडत नाहीत, साथीदार विश्वास ठेवत नाहीत, शेवटी फाशी होते, आणि त्याला त्यातच मजा येते. पळवाट काढणाऱ्याला परिणाम नको असतात. डीएमने परिणाम दाखवले की तो "मला टार्गेट करताय" म्हणून चिडतो.

गोष्टीतल्या जगात वंशद्वेष, गुलामगिरी, धर्मयुद्ध असूच नये का?

असावं की. जुलमी राजा नसेल तर बंड कुणाविरुद्ध करायचं? प्रश्न असतो तो अन्याय गोष्टीत कशासाठी आणला आहे याचा, आणि टेबलावर (म्हणजे खेळणाऱ्या ग्रुपमध्ये) बसलेल्यांपैकी कुणी तो खरोखर भोगलाय का याचा.

यात मोठमोठे प्रकाशकही तोंडावर आपटले आहेत. व्हॅम्पायर या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या एका पुस्तकात 2018 साली रशियाच्या चेचन्या प्रांतातल्या समलिंगी पुरुषांच्या छळाचा प्रसंग व्हॅम्पायरांच्या डावपेचाचा भाग म्हणून रंगवला होता. तो छळ तेव्हा चालू होता, माणसं तुरुंगात होती. ओरड झाल्यावर मालक कंपनी पॅराडॉक्सने माफी मागितली, तो भाग काढला आणि व्हाइट वुल्फ या आपल्या उपकंपनीचं स्वतंत्र काम गुंडाळलं. आजच्या खऱ्या बळींना "मुळात ते सगळं राक्षसांचं कारस्थान होतं" असं सांगणं म्हणजे खऱ्या गुन्हेगारांचे हात धुऊन देणं. शंभर लिटर रक्त सांडणारा अध्याय मी याच्यापेक्षा आधी माफ करेन.

ऑर्क आणि ड्राउ या खेळातल्या जमातींवरून एवढा वाद कशाला?

कारण 'ही जमात जन्मतःच दुष्ट आणि मठ्ठ' हे वाक्य आकड्यांत लिहिलेलं होतं. 2016 च्या एका डी अँड डी पुस्तकात ऑर्क घेतला की बुद्धीचे दोन गुण वजा होत. 2020 मध्ये दुरुस्ती करून ती वजाबाकी काढली. ड्राउ म्हणजे काळ्या कातडीचे, भूमिगत, दुष्ट एल्फ. 1978 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तर स्त्री कॅरेक्टरच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी ठेवली होती. डी अँड डीच्याच 2016 च्या, व्हॅम्पायरच्या वाड्यातल्या एका साहसात व्हिस्तानी नावाचे भटके लोक होते, ते युरोपातल्या रोमा लोकांबद्दलच्या जुन्या कुत्सित कल्पनांवरून उचललेले. तेही पुढे दुरुस्त झालं.

जून 2020 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशक कंपनीने ऑर्क, ड्राउ आणि व्हिस्तानी यांच्याबाबतची चूक जाहीर मान्य केली. तरी 2022 मध्ये त्यांच्याच नव्या पुस्तकात हाडोझी नावाची माकडासारखी जमात आली, जिला एका जादूगाराने पकडून गुलाम म्हणून विकायला तयार केलं होतं. अमेरिकेत काळ्या लोकांना माकड म्हणण्याचा इतिहास माहीत असलेल्या कुणालाही ते छापण्याआधी खटकायला हवं होतं. पुन्हा माफी, पुन्हा मजकूर कापला. 2024 च्या नव्या हँडबुकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं.

"आता ऑर्कलाही भावना आहेत म्हणे" असं म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतील. त्यांच्याशी भांडत बसू नका. तुमच्या टेबलावर ऑर्कांची टोळी दुष्ट असू द्या, ती दरोडेखोर आहे म्हणून. एवढ्याने गोष्टीचं काहीही बिघडत नाही.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. आपल्या टेबलांवर काय दिसतं?

जात. आणि ती बहुतेक वेळा विनोद म्हणून येते.

हाफ-ऑर्कने बुद्धीचा फासा टाकला, 1 आला. कुणीतरी लिहितं, "कोट्यातून आला असणार." चार हसऱ्या इमोजी. डिस्कॉर्डवर आडनाव दिसत नाही, त्यामुळे सगळे आपल्यातलेच आहेत असं धरून चालतात. पाचवा खेळाडू हसत नाही, पण तो हसला नाही हे कुणाला कळतही नाही. उद्या त्याने आक्षेप घेतला की त्याची जात उघड होते. म्हणून तो घेत नाही. इथे डीएमने वाट बघायची नसते. लगेच, सगळ्यांसमोर, एका ओळीत: "हे इथे चालणार नाही, पुढे चला." भाषण नको. भाषण झालं की सगळे 'कुणाला लागलं?' हे शोधायला लागतात.

याच कारणाने पूर्ण नाव विचारायला आमच्याकडे बंदी आहे. "मूळ गाव कुठलं, आडनाव काय" हे कशासाठी विचारतात ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरं दिसतं ते सतराव्या शतकातल्या दख्खनवर जादू चढवून केलेल्या कॅम्पेनमध्ये. कल्पना झकास असते: गड, दऱ्या, गनिमी कावा, त्यात वेताळ आणि हडळी. तिसऱ्या सेशनला मात्र शत्रू म्हणजे एक अख्खा धर्म होऊन बसतो आणि चॅटमध्ये व्हॉट्सअॅप फॉरवर्डची भाषा सुरू होते. खरा इतिहास याच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आणि खेळायला चविष्ट आहे. शहाजीराजांनी निजामशाहीची चाकरी केली, आदिलशाहीची केली. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. 1665 मध्ये पुरंदरला वेढा घालून तह करायला लावणारा औरंगजेबाचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता. सरदार बाजू बदलतात, वतनासाठी भाऊ भावाविरुद्ध जातो. डीएमला यापेक्षा जास्त काय हवं? शत्रूला नाव द्या, गड द्या, लोभ द्या.

बलात्काराचा प्रसंग खेळात येऊ शकतो का?

आमच्या टेबलावर नाही. वर्णनही नाही, मागची गोष्ट म्हणूनही सगळ्यांना आधी विचारल्याशिवाय नाही.

हा नियम जाचक वाटतो त्यांच्यासाठी दोन घटना. लॅम्डामू हे 1990 साली पावेल कर्टिस यांनी झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात सुरू केलेलं मजकुराचं आभासी जग. 1993 मध्ये तिथे 'मिस्टर बंगल' नावाच्या एका कॅरेक्टरने वूडू बाहुली नावाचा छोटा प्रोग्राम वापरला. त्याने दुसऱ्यांच्या कॅरेक्टरच्या नावाने वाक्यं टाकता येत. भरल्या दिवाणखान्यात त्याने इतर खेळाडूंच्या कॅरेक्टरकडून लैंगिक अत्याचाराची वर्णनं वदवली. ज्यांच्यावर हे झालं त्यातली एक खेळाडू दुसऱ्या दिवशी हे लिहिताना खरोखर रडत होती. "शब्दच तर होते" म्हणणारे तेव्हाही होते. लोकांनी सभा घेतली, तासन्‌तास वाद घातला, काही ठरेना. शेवटी एका प्रशासकाने आपल्या जबाबदारीवर ते खातं उडवलं. त्यानंतर कर्टिसनी तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. तोच खेळाडू पुढे नवं नाव घेऊन परतलाही.

दुसरी घटना 2019 ची, बर्मिंगहॅमच्या यूके गेम्स एक्स्पोतली. एका गेम मास्टरने अनोळखी खेळाडूंना काहीही न सांगता कथेत त्यांच्या किशोरवयीन कॅरेक्टरवर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. आयोजकांनी त्याचे उरलेले गेम रद्द केले आणि त्याला बंदी घातली. ते टेबल समोरासमोरचं होतं, माणसं दिसत होती, तरी हे झालं.

सेशन झिरो, लाइन्स अँड व्हेल्स, एक्स-कार्ड: हे काय आहे?

सेशन झिरो म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बैठक. जेवायला बोलावताना आपण "तिखट कितपत चालतं?" विचारतो, तसलंच विचारणं. 'लाइन' म्हणजे जे गोष्टीत येणारच नाही. 'व्हेल' म्हणजे घडेल, पण पडद्याआड: कैद्याला तळघरात नेलं, दार बंद झालं, सकाळ झाली. ही जोडी रॉन एडवर्ड्स यांनी 2003 च्या सुमारास मांडली. एक्स-कार्ड जॉन स्टाव्हरोपोलस यांचं, 2013 चं: टेबलाच्या मध्ये एक्स लिहिलेलं कार्ड. कुणीही त्याला बोट लावलं की तो भाग तिथेच सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही. ऑनलाइन चॅटमध्ये नुसता एक्स टाकायचा. आम्ही वर आणखी एक करतो: सेशन झिरोच्या आधी प्रत्येकाने आपल्या लाइन्स डीएमला खाजगीत पाठवायच्या आणि डीएमने नावं न लावता एकच यादी सगळ्यांना द्यायची. "कोळी नकोत" आणि "लहान मुलांचा मृत्यू नको" शेजारी-शेजारी येतात आणि कोणतं कुणाचं ते कुणी विचारत नाही.

याने भीतीची मजा जात नाही का?

उलट होतं. कुठे थांबायचं ते माहीत असलेला डीएम बाकी ठिकाणी मोकाट सुटू शकतो. आणि प्रत्यक्षात एक्स फार क्वचित पडतो.

मग द्वेषाचंही असंच, ज्याला नको त्याने लाइन टाकावी, असं का नाही?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. रक्तपाताची पातळी टेबलागणिक वरखाली करता येते, कारण ती कुणालाही सहन होईल किंवा होणार नाही. त्याचा माणसाच्या जन्माशी संबंध नसतो. द्वेषाचा निशाणा मात्र दर शनिवारी तोच असतो. ज्याच्यावर तो आहे त्यालाच "कृपया माझा अपमान करू नका" असा अर्ज करायला लावणं हाच अपमान आहे. म्हणून रक्तपात आम्ही चर्चेने ठरवतो. खऱ्या माणसांबद्दलच्या शिव्या, जातीचे टोमणे, धर्मावरून हिणवणं यावर चर्चा नाही.

कडक नियम केले, शब्दांचा फिल्टर लावला, की प्रश्न सुटला?

नाही, आणि कधीकधी नियम उलटा चावतो. 2006 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात एका खेळाडूने आपल्या गिल्डची (खेळाडूंच्या गटाची) जाहिरात करताना समलिंगी खेळाडूंचं इथे स्वागत आहे असं लिहिलं. खेळाची कंपनी ब्लिझर्डने लैंगिक कलावरून छळ करू नये या नियमाखाली तिलाच ताकीद दिली. ज्यांना वाचवायला नियम होता त्यांचंच तोंड बंद. गाजावाजा झाल्यावर कंपनीने माघार घेतली, माफी मागितली. फिल्टरला माणूस कळत नाही. मराठीतल्या शिव्या रोमन लिपीत लिहिल्या की तर त्याला काहीच कळत नाही.

रचनेत केलेले बदल जास्त टिकतात. अल्टिमा ऑनलाइनमध्ये (1997) कुणीही कुणाला कुठेही मारून लुटू शकायचं. नवे खेळाडू वैतागून सोडून जायला लागले. 2000 मध्ये खेळ बनवणाऱ्यांनी जगाची जुळी प्रत काढली: एका जगात दोघांची संमती असल्याशिवाय मारता येत नाही, दुसऱ्यात जुना जंगलचा कायदा. जुने शिकारी अजून त्या निर्णयाच्या नावाने बोटं मोडतात.

खेळ बनवणाराच द्वेष्टा निघाला तर खेळायचा का?

टेकुमेल या रोलप्लेच्या जगाची गोष्ट चटका लावणारी आहे. त्याचे निर्माते एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचे अभ्यासक, उर्दूचे जाणकार. 1975 मध्ये आलेलं त्यांचं जग युरोपी किल्ले-सरदारांऐवजी भारत आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींकडे बघणारं. आपल्यासारख्यांना ते जवळचं वाटायचं. 2022 मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच मान्य केलं की त्यांनी 1991 मध्ये टोपणनावाने एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती. बार्कर 2012 मध्येच वारले होते.

माझं मत: खेळाचं यंत्र वापरा, पण माहिती लपवू नका. नव्या खेळाडूला आधी सांगा आणि त्याने "मग मला नको" म्हटलं तर दुसरा खेळ काढा. खेळांचा दुष्काळ नाही.

हे खेळ खेळून मुलं हिंसक होतात का?

अमेरिकेत 1980 च्या दशकात हाच ओरडा झाला होता, सैतानपूजेपासून आत्महत्येपर्यंत सगळ्याचं खापर डी अँड डीवर फोडलं गेलं. आरोप टिकले नाहीत. गंमत म्हणजे त्या दबावाखाली 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डेमन' आणि 'डेव्हिल' ही नावं काढली. ऑर्क जन्मजात दुष्ट हे मात्र तसंच राहिलं. घाबरलेल्या पालकांना खरी अडचण कुठे आहे ते तेव्हाही दिसलं नव्हतं.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. मी काय बघू?

फाशांकडे नको, माणसांकडे बघा. सोबत खेळणारे कोण आहेत, किती वयाचे आहेत, डीएम कोण आहे, आणि कुणी मुलाला ग्रुप सोडून खाजगी मेसेजमध्ये 'वेगळी गोष्ट' खेळायला बोलावतंय का. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. डिस्कॉर्ड 13 वर्षांपासून खातं उघडू देतं, म्हणजे एकाच सर्व्हरवर तेरा आणि तेहतीस वर्षांची माणसं असू शकतात. एकदा शेजारी बसून सेशन ऐका. मुलाला लाज वाटेल, वाटू द्या.

पोलिसांकडे कधी जायचं?

वाईट लिखाण गुन्हा नाही. खऱ्या माणसाला धमकी (भारतीय न्याय संहिता, कलम 351), स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग (कलम 78), जात-धर्म-भाषेवरून वैर भडकवणं (कलम 196) हे गुन्हे आहेत, मग ते एल्फच्या तोंडून असोत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला जातीवरून सार्वजनिकरीत्या हिणवलं तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आणि मुलांचं लैंगिक वर्णन: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब मध्ये चित्रांसोबत मजकुराचाही उल्लेख आहे. "काल्पनिक कॅरेक्टर होतं" यावर विसंबू नका. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. कुणी "आयटी कायद्याचं 66अ लावू" म्हणालं तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केलंय.

पुरावा कसा ठेवू?

आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. वेळ, तारीख आणि चॅनलचं नाव दिसू द्या, वरचे-खालचे मेसेजही घ्या, नाहीतर "संदर्भ सोडून दाखवताय" हे ऐकावं लागतं. युजरनेम बदलता येतं, म्हणून डिस्कॉर्डचा अंकी युजर आयडी आणि मेसेजची लिंक कॉपी करून ठेवा. अपवाद एकच: मजकूर मुलांच्या लैंगिक शोषणाचा असेल तर तो स्वतःकडे साठवू नका, पुढे पाठवू नका, लिंक आणि आयडी देऊन थेट तक्रार करा.

बाहेर काढलेला खेळाडू महिन्याभराने माफी मागत आला. घ्यायचं का?

माफी कुणाकडे मागितली ते बघा. बहुतेक जण डीएमकडे मागतात, कारण दार डीएमच्या हातात असतं. ज्याला लागलं होतं त्याला किंवा तिला खाजगीत विचारा, आणि "नाही म्हणालीस तरी तुझं नाव येणार नाही" हे आधी सांगा. नाही आलं तर त्याला कळवा की जागा नाही, दुसरं टेबल बघ. कारण विचारेल. देऊ नका.